कोनशिलेवर नाव कुणाचे?

गेटवे ऑफ इंडिया कधी बांधले, असे एखाद्या तरुणाला विचारले तर तो कमानीकडे बघून सांगेल, १९११. कारण तिथे तसेच कोरले आहे. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी हिंदुस्थानात उतरले, त्याच्या स्मरणार्थ ही कमान, असा तो लेख आहे. सालही रोमन अंकांत आहे, म्हणजे सामान्य माणसाला लवकर वाचताच येऊ नये! पण मित्रांनो, राजा उतरला त्या दिवशी तिथे कमान नव्हती.  कमान पूर्ण झाली १९२४ साली आणि तिचे उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे राजाच्या एका दिवसाची तारीख दगडावर आहे. दगड वाहणाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या कष्टाची तारीख मात्र त्या लेखात नाही.

गेले काही महिने आम्ही काही कार्यकर्ते रविवारी मुंबईत फिरतो आहोत. हातात वही, मोबाइल आणि पाण्याची बाटली. जुन्या इमारती, चाळी, पाणपोया, विहिरी, दवाखाने, शाळा, विहार यांच्यावरच्या कोनशिला शोधायच्या, फोटो काढायचे आणि मजकूर उतरवून घ्यायचा. सुरुवातीला आमच्यातल्याच काहींनी विचारले, "हे रिकामपणाचे उद्योग कशाला? चळवळीसमोर दुसरे प्रश्न नाहीत का?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला आमचे उत्तर आहे.

आधी थोडे वाचन शिकावे लागते. या शहरात साल लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करायचे. पारशी अग्यारीवर यज्देगर्दी साल असेल तर ६३० मिळवायचे. महिन्यानुसार या हिशेबात एखाद्या वर्षाचा फरक पडतो. मशिदीवर हिजरी साल असते. ते चांद्रवर्ष असल्यामुळे सरळ बेरीज-वजाबाकी चालत नाही, तक्ता पाहावा लागतो. ज्यूंच्या सिनेगॉगवर सृष्टीच्या आरंभापासून मोजलेले साल असते, त्यातून ३७६० वजा करायचे. शके १८००, संवत १९३५, यज्देगर्दी १२४८, हिजरी १२९५ ही सगळी एकाच १८७८ सालाची नावे. हेच राजाबाई टॉवर पूर्ण झाल्याचे आणि बोरीबंदरच्या भव्य स्थानकाचे काम सुरू झाल्याचे साल. आणि आपल्या विहारांवर बुद्धाब्द असते. त्यातून ५४४ वजा करा. २५०० चे १९५६ होते. हे गणित पोरांना शिकवा, त्यांना गंमत वाटते.

साल वाचता आले की पुढचा प्रश्न येतो. या दगडावर नाव कुणाचे आहे? आम्ही उतरवून घेतलेल्या मजकुरात तीनच प्रकारची माणसे वारंवार भेटली. पैसे देणारा, ज्याच्या स्मरणार्थ दिले तो, आणि ज्याच्या हस्ते उद्घाटन झाले तो साहेब. क्वचित वास्तुरचनाकार भेटतो. राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंद यांच्या आईचे नाव आहे, कारण देणगी त्यांची. दगड फोडणारा, घडवणारा, डोक्यावर वाहणारा, चुना मळणारा मात्र कुठेच सापडत नाही.

तो होता, याचा पुरावा शहराच्या नकाशावर आहे. कामाठीपुरा हे नाव तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडले. हे लोक या शहराच्या बांधकामांवर राबले. आज त्या नावाचा उच्चार लोक कोणत्या अर्थाने करतात ते सांगायला नको. मालाड आणि कुर्ल्याच्या खाणींतला दगड शहराच्या इमारतींना लागला. दगडफोडीचे आणि दगड घडवण्याचे काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वडार, पाथरवट, बेलदार यांनी केले. ज्याच्या घामाने वस्ती उभी राहिली त्याच्या नावाला बदनामी आली, आणि ज्याने धनादेश लिहिला त्याचे नाव संगमरवरात गेले. या देशातल्या जातिव्यवस्थेने श्रम आणि प्रतिष्ठा यांची जी फारकत केली, ती पुस्तकात वाचण्याआधी दगडावर वाचता येते.

गिरणगावात जा. गिरण्यांच्या कमानींवर मालकांची नावे दिसतील. आत साचेखाते होते, म्हणजे कापड विणण्याचे खाते. तिथे पगार जास्त मिळे, पण अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. गिरणीच्या कोनशिलेवरून तुम्हाला गिरणीचे साल कळेल. पण त्या दरवाजातून आत गेलेल्या माणसाला कोणत्या खात्याच्या दारात अडवले, ते कोनशिला सांगणार नाही.

पाणपोयांचेही तसेच. भातबाजारात केशवजी नायक यांच्या नावाची १८७६ सालची घड्याळाची पाणपोई आहे. शहरात अशा अनेक पाणपोया दानशूरांनी बांधल्या. आम्हाला दात्यांचा अवमान करायचा नाही. तहानलेल्याला पाणी देणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण अशा दगडांवर 'सर्व लोकांसाठी' ही भाषा वाचली की आम्हाला लगेच दुसरी तारीख आठवते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे मंडळात सी. के. बोले यांना ठराव मांडावा लागला की, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांनाही वापरू द्यावेत. 'सार्वजनिक' या शब्दात आपण मोजलेलेच नव्हतो, म्हणून तर हा ठराव लागला! आणि ठराव होऊनही २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जावे लागले. पुढे १९३७ पर्यंत कोर्टात लढावे लागले. म्हणून कोनशिला वाचताना तिच्याशेजारी दुसरी तारीख ठेवून वाचायची सवय आम्ही लावून घेतली आहे.

काही विद्वान म्हणतील, "त्या काळात मजुरांची नावे कोण कोरत होते? आजची मोजपट्टी जुन्या काळाला लावू नका." आम्ही त्यांना शहराच्या बाहेर नव्हे, शहरातच बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला घेऊन जाऊ. तिथे शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत आणि ब्राह्मी लिपीतले अनेक लेख आहेत. त्यांत राजे आहेत, व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत, आणि कल्याणचा नंद नावाचा एक लोहारही आहे. मोठ्या चैत्यगृहाच्या लेखात दान देणाऱ्यांच्या बरोबरीने कामावर देखरेख ठेवणारा भिक्खू आणि पाथरवटसुद्धा नोंदले आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दरवाजावर धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने स्वतःचे नाव कोरले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! म्हणजे सुताराचे, लोहाराचे नाव दगडावर येणे या भूमीत अशक्य नव्हते. बुद्धाच्या धम्मात ते शक्य झाले. मग पुढे ते अशक्य कुणी केले, हा प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे.

नालासोपाऱ्याचे उदाहरणही तरुणांनी लक्षात ठेवावे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या आठव्या लेखात साल आहे, राज्याभिषेकानंतरचे दहावे वर्ष. त्या वर्षी राजाने शिकारीच्या सहली सोडल्या आणि तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला. या शहराच्या परिसरातला सर्वांत जुना तारखेचा दगड कोणता, असे कुणी विचारले तर हे उत्तर द्या.

आता एका दगडाची गोष्ट, जो शहराबाहेर पुण्याजवळ आहे, पण ज्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. २६ मार्च १८२१ ला त्याची पायाभरणी झाली. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत आणि त्यात शेवटी 'नाक' असलेली महार सैनिकांची नावे आहेत. तो स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या गौरवासाठी उभारला, हे आम्हाला ठाऊक आहे. पण नावे कोरली गेली आणि पुढे कुणालाही ती पुसता आली नाहीत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले. आज लाखो लोक जातात. ज्यांना आपला हा इतिहास मान्य नाही त्यांना वादासाठी आधी त्या दगडासमोर उभे राहावे लागते. नाव कोरलेल्या दगडाची ताकद ही असते.

मग आपल्या मुंबईतल्या इतिहासाचे दगड कुठे आहेत? बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत वीसहून अधिक वर्षे राहिले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने या चाळी बांधल्या. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला तो याच परळ भागातून. ९ मार्च १९२४ ला दामोदर हॉलमध्ये जी सभा झाली तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तो दामोदर हॉल पाडला गेला. दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेसची वास्तू २५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात पाडली गेली, हे तर आपण सर्वांनी पाहिले. ज्या छापखान्यातून समाज बोलला, तो एका रात्रीत माती झाला.

आणि बीडीडी चाळी! वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ इमारती. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने बांधलेल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत दहा-दहा माणसे राहिली. तिथे भीमजयंती झाली, वाचनालये चालली, जलसे झाले, दलित पँथरचे तरुण घडले. ५ जानेवारी १९७४ ची वरळीची दंगल तिथेच पेटली आणि पाचच दिवसांनी, १० जानेवारीला, मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. आज तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. आमच्या माणसांना मोठे घर, घरात संडास आणि लिफ्ट मिळते आहे याचा आम्हाला आनंदच आहे. गरिबाने पडकी चाळ वारसा म्हणून जपावी आणि अभ्यासकांनी येऊन फोटो काढावेत, असले प्रेम आम्हाला नको. पण चाळ पाडताना तिच्या भिंतीवरचा इमारतीचा क्रमांक, मंडळाच्या फळीवरचे स्थापनावर्ष, विहाराची कोनशिला हे सगळे डंपरमध्ये भरून जाते. ते आधी उतरवून घेणे ही आपली जबाबदारी आहे. बिल्डर ते करणार नाही.

इथे आम्हाला आपल्याच माणसांना काही कडू बोलायचे आहे. एका वस्तीतल्या विहारात आम्ही कोनशिला शोधत गेलो. समोर काळ्या ग्रॅनाइटचा चकचकीत फलक होता. त्यावर लोकप्रतिनिधीचे नाव मोठ्या अक्षरांत, त्याच्या निधीचा उल्लेख, खाली पदाधिकारी. जुना दगड कुठे आहे, असे विचारल्यावर एक आजी आम्हाला मागच्या मोरीकडे घेऊन गेल्या. धुण्याचा दगड म्हणून तो पालथा पडला होता. उलटा केला. बुद्धाब्द होते. खाली ओळीने नावे होती, कुणी अकरा रुपये, कुणी पाच रुपये, एका बाईच्या नावापुढे दोन रुपये. आजींनी एका नावावर बोट ठेवले. ते त्यांच्या सासूचे होते. त्या नाका कामगार होत्या, दुसऱ्यांच्या इमारतींवर विटा वाहायच्या. आयुष्यभर ज्या इमारती त्यांनी बांधल्या त्यातल्या एकीवरही त्यांचे नाव नव्हते. एकाच दगडावर होते, आणि तो आपण पालथा घातला.

कामाठ्याचे नाव न कोरणाऱ्या शेठजीला आम्ही दोष देतो. मग आपल्याच आजीचे नाव पुसून पुढाऱ्याचे लावणाऱ्या आपल्याला काय म्हणायचे? कान्हेरीची परंपरा १९५६ नंतर आपल्या वस्त्यांमध्ये पुन्हा सुरू झाली होती. सामान्य माणसाचे दान, सामान्य माणसाचे नाव. ती मोडायला यावेळी दुसरे कुणी आले नाही.

आपण काय करू शकतो? खर्च काहीच नाही. आपल्या वस्तीतला विहार, समाजमंदिर, वाचनालय, पुतळा, चाळ यांच्यावरचा प्रत्येक लेख जसा आहे तसा, चुकीच्या शुद्धलेखनासह उतरवा. फोटो तिरप्या उजेडात, सकाळी किंवा संध्याकाळी काढा, म्हणजे झिजलेली अक्षरे दिसतात. अक्षरांवर खडू किंवा तेल घासू नका. पायाभरणीची तारीख आणि उद्घाटनाची तारीख वेगवेगळी लिहा. दगडावरच्या नावांपैकी कुणी हयात असेल, तर आधी त्यांच्याकडे जा. नवा फलक लावायचा असेल तर लावा, पण जुना त्याच भिंतीत त्याच्याशेजारी बसवा. आणि पुनर्विकास होणार असेल तर सोसायटीच्या बैठकीत लेखी ठराव करून घ्या की, जुन्या कोनशिला नव्या इमारतीत लावल्या जातील.

घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्यांची नावे तिथल्या स्मारकावर आहेत. ती आपण कोरली, सरकारने नाही. म्हणूनच त्या दिवसाला कुणी नुसता 'अनुचित प्रकार' म्हणून मोकळा होऊ शकत नाही.

त्या विहारातला दगड आता मोरीत नाही. मंडळाच्या पोरांनी तो धुऊन दाराशी उभा केला आहे. अजून भिंतीत बसलेला नाही, सिमेंट कुणी आणायचे यावर चर्चा चालू आहे. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, येताना थापी आणि घमेले घेऊन या.

जय भीम!