दिलेला शब्द, घेतलेला शब्द

इंग्रजी कोशात 'नायग्रिट्यूड' असा एक शब्द आहे. अर्थ काळेपणा. लॅटिनमधून सतराव्या शतकात आलेला हा शब्द आज इंग्रजांच्याही तोंडी नाही. चार्ल्स लॅम्बने १८२२ साली लंडनची धुराडी साफ करणाऱ्या पोरांवर निबंध लिहिला, त्यात तो भेटतो. काजळीने माखलेल्या त्या पोरांविषयी लॅम्बला माया आहे, कौतुक आहे. पण आपल्या अंगावरच्या काळ्याला काय म्हणायचे, हे त्या पोरांना कुणी विचारले नाही. घाणीचे काम करणाऱ्याचे दुरून केलेले कौतुक आपल्या परिचयाचे आहे.

याच कुळातला शब्द १९३५ च्या सुमारास पॅरिसमध्ये वेगळ्या हातांत गेला. मार्टिनिकचा एमे सेझेर, सेनेगलचा सेंगोर, फ्रेंच गयानाचा दामास हे काळे विद्यार्थी. 'नेग्र' ही फ्रेंचमधली शिवीच होती. त्यांनी ती टाळली नाही, पुसली नाही. तिच्यातूनच 'नेग्रित्यूद' घडवला आणि आपल्या अस्मितेचे नाव म्हणून मिरवला. जुन्या कोशात रंगापुरता उरलेला काळेपणा येथे विद्रोहाची भाषा बोलू लागला.

नेमक्या याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते? ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून 'हरिजन' साप्ताहिक निघाले. पहिल्या अंकासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागितला गेला. त्यांनी संदेश दिला नाही, निवेदन धाडले : जातिव्यवस्था आहे तोवर बहिष्कृत राहणारच. पुढे एप्रिल १९३६ मध्ये गांधी वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास गेले. त्या गावाचे नाव १९४० साली सेवाग्राम झाले. गावाचे नाव बदलण्याआधी आमचे नाव बदलून झाले होते!

त्या हिवाळ्यात, १९३६ संपून १९३७ उजाडत असताना, बेंजामिन मेज नावाचा काळा अमेरिकन प्राध्यापक गांधींना भेटावयास वर्ध्याला आला. हॉवर्ड विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागाचा तो प्रमुख. मार्टिन ल्यूथर किंग पुढे त्याला गुरुस्थानी मानीत. अहिंसेविषयी त्याने विचारले, आणि आणखी एक गोष्ट विचारली : अस्पृश्यतेवर आघात करता, मग जातिव्यवस्थेविरुद्धच युद्ध का पुकारत नाही? 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' त्याच वर्षी छापून आले होते आणि गांधींनी 'हरिजन'मधूनच जुलैत त्याला उत्तर दिले होते. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला नेमका तोच प्रश्न सुचावा, ही गोष्ट साधी नव्हे.

याच प्रवासात म्हैसूरला अस्पृश्य मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मेजची ओळख करून दिली : अमेरिकेतला अस्पृश्य. मेज चमकला. पण विचार केल्यावर त्याने कबूल केले की आपल्या देशात आपण तेच आहोत. आत्मचरित्रात त्याने हे लिहून ठेवले आहे. ध्यानात घ्या, मुख्याध्यापकांनी त्याला 'हरिजन' म्हटले नाही. म्हटले असते तर मेजला काय कळले असते? 'अस्पृश्य' या कडू शब्दात निदान खरे होते. समाज आपल्याशी कसा वागतो ते त्यात होते. 'हरिजन'ने तेवढेही झाकून टाकले.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रसंग आला. भाऊराव गायकवाडांनी विचारले, आम्ही देवाची माणसे, तर मग स्पृश्य काय राक्षसांची? बहुमतापुढे विरोध चालेना तेव्हा बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग, असे तेव्हा हसणारे हसले असतील. केंद्र शासनाने जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नये असे १९८२ साली कळवले. चव्वेचाळीस वर्षे लागली. महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचे डिसेंबर २०२० मध्ये ठरवले, आणि समतानगर, भीमनगर अशी नावे सुचवली.

'दलित'ची गोष्ट निराळी. १९७२ च्या पँथरने तो आपणहून उचलला, आणि पँथर हे नावही अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून घेतले. २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने वाहिन्यांना 'दलित' टाळून 'अनुसूचित जाती' म्हणावे असे सुचवले. सरकारी कागदावर ते ठीक. कवितेत, मोर्चात, चळवळीच्या इतिहासात काय म्हणायचे, हे खात्याने का ठरवावे? आपल्यातल्या ज्यांना 'दलित' नको, 'बौद्ध'च हवे, त्यांचा वाद खरा आहे. पण तो आपला आपण घालायचा वाद आहे.

आता आपलीही झडती घेऊ. आपल्या समीक्षेत 'निग्रो साहित्य' हा शब्द रुळला. तेव्हा तो वावगा नव्हता. मेजनेही पुस्तकांच्या नावात तोच वापरला. पण खुद्द त्या लोकांनी तो टाकून 'ब्लॅक' घेतला. अमेरिकेच्या कायद्यातून तो २०१६ साली काढला गेला. आपल्या व्याख्यानांत, विद्यार्थ्यांच्या टिपणांत, परीक्षेच्या उत्तरांत मात्र तो सर्रास चालू आहे. 'हरिजन' म्हटले की उसळणारे आपण वर्गात 'निग्रो' सहज बोलतो, आणि पोरे वहीत उतरवून घेतात.