स्टायलच्या गिरणीतली मुलं

गेल्या उन्हाळ्यात लेकाकडे मँचेस्टरला गेले होते. एका रविवारी म्हणाला, "आई, चल, तुला गिरणी दाखवतो." मला वाटलं पिठाची! निघाली सुताची.

मँचेस्टरच्या दक्षिणेला स्टायल नावाचं छोटं गाव आहे. तिथे बोलिन नदीच्या काठी सॅम्युएल ग्रेगने १७८४ मध्ये क्वारी बँक ही गिरणी काढली. लाल विटांची इमारत, भोवती दाट झाडी. पाण्याचं अजस्र लोखंडी चाक अजून फिरतं, पण ते मूळचं नव्हे, यॉर्कशायरच्या एका गिरणीतून आणलेलं. आत माग चालू केले तेव्हा शेजारी उभ्या लेकाचं बोलणं ऐकू येईना.

मला मात्र थांबवलं ते थोड्या अंतरावरच्या पांढऱ्या घराने. १७९० सालचं हे अप्रेंटिस हाऊस. गावात मजूर मिळेनात, म्हणून ग्रेगने ठिकठिकाणच्या वर्कहाऊसमधली पोरकी, गरीब मुलं करार करून आणली. नव्वदेक मुलं या एका घरात राहायची. काम दिवसाला बारा तास. त्या काळच्या मानाने ग्रेग बरा मालक, मुलांसाठी डॉक्टर ठेवला होता म्हणतात. ठेवला असेल. पण त्याच घराण्याचा डॉमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमांवर चालणारा मळा होता, हेही विसरता येत नाही.

१८०६ मध्ये जोसेफ सेफ्टन आणि थॉमस प्रिस्टली ही दोन मुलं इथून पळाली, थेट लंडनला. दोघांना आईला भेटायचं होतं. तेरा वर्षांच्या थॉमसचं बोट यंत्रात गेलं होतं. पकडल्यावर न्यायाधीशांपुढे दिलेल्या त्यांच्या जबान्या आजही वाचायला मिळतात. जोसेफ सांगतो, आठवड्यातून दोनदा शाळा असे, मला जास्त वेळा जायचं होतं, पण वरचा माणूस सोडत नसे.

हे वाचलं आणि मला आमच्या गावची शाळा आठवली. एक मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. फार दिवस गैरहजर म्हणून हजेरीपटावरून त्याचं नाव मीच कमी केलं. नियम होता तसा. चैत्रात तो पाटी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला नियमच सांगितला.

लेक म्हणाला, "आई, चहा घेऊया?" मी त्याला म्हटलं, थोडा वेळ इथेच बसू दे.