जुने खेळ आणि नवी यंत्रे

बंगलोरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड आज संगणक-व्यवसायाचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु त्याचा जन्म अगदी निराळ्या हेतूने झाला. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार ह्यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेस वसाहतीसाठी ३,९०० एकर जमीन दिली, आणि त्या संस्थेचे संस्थापक डेव्हिड व्हाइट ह्यांच्यावरून वसाहतीस हे नाव पडले. शंभरांहून अधिक वर्षे गाव शांत राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथे इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत मराठी माणसेही पुष्कळ होती. अशाच एका मराठी शेजाऱ्यांच्या पेटीत निघालेल्या साडेतीन इंची फ्लॉप्या ह्या लेखास निमित्त झाल्या आहेत.

त्यांपैकी एकीवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ होता. जॉर्डन मेकनर ह्या अमेरिकन तरुणाने तो १९८९ मध्ये ॲपल-टू संगणकासाठी रचला. धाकट्या भावाच्या धावण्याची व उड्यांची चित्रफीत घेऊन तिच्यावरून त्याने राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या. पुढल्याच वर्षी खेळ डॉस प्रणालीवर आला आणि हातोहात आपल्याकडील कचेऱ्यांतून पसरला. साठ मिनिटांत राजकन्येस सोडवावयाचे, एवढीच त्यातली अट. शेजाऱ्यांनी तो वडिलांच्या कचेरीत खेळला होता, आणि आता तो आपल्या मुलीस दाखवावा अशी त्यांची इच्छा होती. फ्लॉपी वाचली गेली, फाइलही शाबूत निघाली. परंतु नव्या संगणकाने खेळ चालविण्यास साफ नकार दिला.

ह्यात दोष कोणाचाच नव्हता. संगणकाचा खेळ म्हणजे विशिष्ट यंत्रास उद्देशून दिलेल्या आज्ञांची मालिका. डॉसच्या काळातील १६-बिट आज्ञा चालविण्याची सोय ६४-बिट विंडोजमध्ये ठेवलेली नाही. शिवाय वेगाचाही प्रश्न असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीचे ठोके सेकंदास सुमारे ४७ लाख ७० हजार होते. आजच्या यंत्रांचे ठोके अब्जांनी मोजतात. ज्या खेळांनी काळ यंत्राच्या गतीवरून मोजला, ते नव्या यंत्रावर सुरू झाले तरी डोळ्यांस दिसण्यापूर्वीच संपावयाचे. पुस्तक वाळवीपासून वाचविले की पुरे. खेळ वाचवावयाचा तर त्याचे यंत्रही वाचवावे लागते.

सुदैवाने यंत्र वाचविण्यासाठी ते लोखंडाचेच असावे लागत नाही. एका यंत्राचे पुरते वर्णन मिळाल्यास दुसरे यंत्र त्याची हुबेहूब नक्कल करू शकेल, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केले होते. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० ही नवी मालिका जाहीर केली, तेव्हा जुन्या १४०१ संगणकावरील कामे नव्या यंत्रावर चालावीत अशी व्यवस्था तिच्यात ठेवली. कारण गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षे तयार केलेले प्रोग्राम टाकून दिले नसते. तेथे व्यापाराचा स्वार्थ होता. खेळांना असा पालक नव्हता. प्रकाशकांचे लक्ष सदैव नव्या खेळाकडे. म्हणून हे काम हौशी लोकांनी अंगावर घेतले. १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया ह्यांनी नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांतील खेळांसाठी ‘मेम’ आणले. २००२ मध्ये पीटर व्हेन्स्ट्रा व शुर्ड व्हान डर बर्ग ह्या डच प्रोग्रामरांनी ‘डॉसबॉक्स’ आणले. हा प्रोग्राम नव्या संगणकाच्या पोटात जुना प्रोसेसर, जुना पडदा, जुने ध्वनिकार्ड ह्यांचे सोंग उभे करतो आणि ठोक्यांची गतीही हवी तशी मंद करता येते. खेळास आपण १९९० सालीच आहोत असे वाटत राहते. २०१५ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने असे दोन हजारांहून अधिक खेळ लोकांपुढे ठेवले.

मेकनरच्या स्वतःच्या खेळाचीही मूळ संहिता हरवल्यासारखीच होती. वडिलांना ती एका खोक्यातील फ्लॉप्यांवर सापडली आणि २०१२ मध्ये जाणकारांच्या साहाय्याने ती वाचून त्याने सर्वांसाठी खुली केली. भारतीय कायदाही संगणकाच्या प्रोग्रामास साहित्यकृतींतच गणतो. मग हस्तलिखितास जी माया आपण लावतो, ती ह्यांना का लावू नये?

शेजाऱ्यांचा खेळ त्याच संध्याकाळी सुरू झाला. मुलीने दोनदा राजपुत्रास खड्ड्यात पाडले आणि तिसऱ्यांदा पुढे नेले. मग दुसरी फ्लॉपी घातली. तिच्यावर शेजाऱ्यांच्या दिवंगत वडिलांनी टंकलिखित केलेल्या आठवणी होत्या. पडद्यावर उमटली ती मात्र रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग.

युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फाँट गेला की मजकूर मुका होतो. त्याला वाचा द्यावयाची तर कोणत्या चिन्हाखाली कोणता तुकडा आहे ह्याचे कोष्टक बनवावे लागते. पहिली वेलांटी, जी जुन्या पद्धतीत व्यंजनाआधी टंकलेली असते, ती व्यंजनानंतर न्यावी लागते. रफार उलट मागे आणून बसवावा लागतो. परदेशी खेळ एका संध्याकाळी जिवंत झाला, कारण अनोळखी माणसांनी वर्षानुवर्षे त्यासाठी खपून ठेवले होते. ह्या आठवणींसाठी तसे कोणी खपले नव्हते. आम्ही छापील एका पानाशी ताडून कोष्टक लिहू लागलो, तेव्हा तीन रविवारांत अकरा पाने वाचता आली.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळांच्या कपाटांत त्या वर्षांच्या स्मरणिका, भाषणे, नाटकांच्या संहिता अशाच पडून असतील. कागदावरचे मराठी तीनशे वर्षांनंतरही मोडी जाणणारा वाचू शकतो. फ्लॉपीवरचे मराठी तीस वर्षांतच परके झाले. ज्यांनी ते टंकिले ती माणसे अजून आपल्यांत आहेत, आणि कोणत्या कळीवर कोणते अक्षर होते हे त्यांच्या बोटांना अजून आठवते. तोवर त्यांना विचारून घ्यावे.