भाकरी-पिठल्याचा इतिहास

गटाच्या बैठकीत जेवणाचा विषय निघाला की आपल्यातल्या बहुतेक जणी म्हणतात, "त्यात काय सांगायचं? आपलं साधंच. भाकरी, पिठलं, ठेचा." पुरणपोळीचं कौतुक होतं, मटणाचं होतं, रोजच्या ताटाचं कुणी बोलत नाही. शाळेच्या इतिहासात लढाया असतात, तह असतात, चूल नसते. म्हणून आज या साध्या ताटाचा इतिहास सांगायचं आम्ही ठरवलं आहे. शेवटी तुमच्यासाठी एक कामही आहे.

सुरुवात घोड नदीच्या काठावरून करू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. कुडाची घरं, घरात चुली, धान्य साठवायची पेवं. राखेत आणि मातीत जळके दाणे मिळाले. त्यात सातू होते, गहू होता, मसूर, कुळीथ आणि वाल होते. म्हणजे आपण आज कुळथाचं माडगं करतो, ते कुळीथ तीन हजार वर्षांपूर्वीही याच मातीत शिजत होते.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्या देशात आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत अशी रुजली की आता परकी वाटतच नाही. जमिनीतल्या ओलीवर, थंडीच्या दवावर ती येते. दाणा माणसाला, कडबा जनावराला. एका पिकात घर आणि गोठा दोन्ही भागतात. सोलापूर भागातली मालदांडी तर भाकरीसाठी आजही नावाजलेली आहे.

आता ठेच्याकडे येऊ. मिरची नसलेलं मराठी जेवण आपल्याला सुचणारही नाही. पण मिरची आली अमेरिका खंडातून. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून ती आपल्याकडे पसरली. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा. मिरची हे नावसुद्धा मिऱ्यावरूनच पडलेलं. ज्ञानेश्वर माउलींच्या काळात इथल्या एकाही घरात मिरचीचा ठेचा नव्हता. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका हेही तिकडचेच. एकादशीची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, सगळं समुद्रापलीकडून आलेलं. कुठल्या तरी बाईनं ते पहिल्यांदा हातात घेतलं असेल, चाखलं असेल, कशात घालायचं ते ठरवलं असेल. तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

पदार्थ साधा म्हणतो, पण त्यामागचं काम साधं नव्हतं. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत भाकरीची सुरुवात पहाटेच्या जात्यापासून व्हायची. आधी दळण, मग पाणी, मग सरपण, मग चूल. पिठल्यासाठी डाळही जात्यावरच भरडायची. त्या दळणाच्या वेळी बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला. जातं गेलं याचं आम्हाला दुःख नाही. ज्यांनी ते ओढलं त्यांनाही नव्हतं.

मग आलं 1972 साल. घरातल्या थोरल्या बाया आजही वर्षांची मोजणी बहात्तरच्या आधी आणि बहात्तरच्या नंतर अशीच करतात. पेरलेलं उगवलं नाही, विहिरी आटल्या. लोक खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामाला गेले. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. तिकडे ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवत. तिची भाकरी थापताना चिरायची, गिळताना अडकायची, पण तीच करून बायकांनी लेकरं जगवली. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका हातात लाटणं घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला. उपाशी पोटाच्या मागणीतून कायदा होतो, हे आपल्याच भागानं देशाला दाखवलं.

पुढे ताट पुन्हा बदललं. खरिपात हायब्रीड ज्वारी आली. पीक भरपूर, पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडायचा आणि भाकरीला चव नसायची. नंतर सोयाबीन आलं. पाणी आलं तिथे ऊस आला. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला, 2023 पासून ते मोफत झालं. या धान्यानं कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली आहे, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण ज्वारी मागे पडली हेही खरं.

ती का मागे पडली, हे आपल्याला पुस्तकाशिवाय कळतं. पाखरं राखायची कुणी? ज्वारी उपटायची कुणी, कणसं खुडायची कुणी? मजूर मिळत नाही आणि घरच्या बाईचे हात आधीच भरलेले. आता शहरात डॉक्टर शुगरच्या रुग्णाला ज्वारीची भाकरी खायला सांगतात, 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, आणि ज्वारीचा भाव ऐकून आपण मात्र रेशनच्या गव्हाच्या पोळ्या लाटतो. पांढऱ्या तांदळापेक्षा ज्वारीत लोह आणि तंतू कितीतरी जास्त. रक्त कमी असलेल्या पोरींच्या ताटातूनच नेमकी ती जाते आहे.

या सगळ्या इतिहासात आम्हाला एक गोष्ट दिसली. जे धान्य घरात आलं ते खाण्याजोगं बायकांनी केलं. पण कोणतं धान्य घरात यावं, हे ठरवताना त्यांना फार क्वचित विचारलं गेलं. तेव्हाही, आजही. पेरणीच्या आधी घरात बसून बोलणं होतं, तेव्हा आपण चहा करत असतो.

हे बदलू शकतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात जपलं, बायकांमध्ये वाटलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला पुरस्कार नको, पण घरापुरती दहा-वीस गुंठे ज्वारी पेरायचा शब्द तर टाकता येईल. चार घरांनी मिळून राखण केली, पाळीपाळीनं काढणी केली, तर एकटीवर भार येत नाही. गटाच्या पैशाचा विचार आपण मिळून करतो, तसाच पेरणीचाही करू.

आता काम. पुढच्या बैठकीआधी आपल्या गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर आजीकडे जा. तिला तीन गोष्टी विचारा: लहानपणी रोज काय खायचात, बहात्तरला काय खाल्लं, आणि घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवायचं? ती सांगेल ते गटाच्या वहीत तिच्याच शब्दांत, तिच्या नावानं लिहून ठेवा. वह्या घेऊन या, पुढच्या भागात त्यातलं वाचू.