शकुंतलेचा मालक आणि लॅबमधला टीसी

आपल्या यवतमाळची शकुंतला आठवते ना? मूर्तिजापूरपर्यंतची नॅरोगेज. रूळ आपल्या शेतांमधून, पण मालकी खासगी कंपनीची. बाकी रेल्वे सरकारजमा झाली, ही राहिली.

महागड्या सॉफ्टवेअरचंही तसंच. आपण घेतो ती फक्त वापरायची परवानगी. १९८० च्या दशकात वर्कस्टेशन्स नेटवर्कला जोडली गेली, पण प्रत्येक मशीनला वेगळी प्रत परवडेना. म्हणून १९८८ साली ग्लोबट्रॉटर आणि हायलँड या कंपन्यांनी फ्लेक्सएलएम आणलं. मशीन शंभर, लायसन्स दहा. जो आधी येईल त्याला. मालकाचा टीसीच आपल्या लॅबमध्ये येऊन बसला म्हणा ना!

मी थर्ड इयरला असताना प्रॅक्टिकलच्या सकाळीच सॉफ्टवेअर उघडेना. सर्व्हर चालू, पिंग लागतोय, लायसन्सची मुदत बाकी. मग झालं काय? या टीसीच्या खिडक्या दोन. पहिली ठरलेली, बहुधा पोर्ट २७०००. ती दुसरीकडे पाठवते, आणि दुसरीचा नंबर लायसन्स फाइलमध्ये बांधला नसेल तर रीस्टार्टनंतर बदलू शकतो. रात्री लाइट गेली होती. फायरवॉलमध्ये मात्र जुनाच नंबर उघडा!

फाइलमध्ये दुसरा पोर्ट पक्का केला, फायरवॉलमध्ये उघडला, सर्व्हर रीस्टार्ट केला, लॅब सुरू. पण परीक्षेचा पाऊण तास गेला तो गेलाच.

तिकीट खरं, पैसे भरलेले, गाडीही उभी. तरी प्रवासी फलाटावरच. म्हणून सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करायच्या आधी दुसरी खिडकी बघा.