नोंद नजराण्याची, निगा काकाकुव्याची

मराठीत आपण ज्याला काकाकुवा म्हणतो त्याचे नाव मूळचे मलय भाषेतील, ‘काकातुआ’. पक्षीही तिकडचाच. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशियाची पूर्वेकडील बेटे आणि फिलिपीन्स हे त्याचे माहेर. नाव आणि पक्षी दोन्ही गलबतांतून दूरदेशी गेले. मनुष्याने त्याला जवळ केले त्यास कित्येक शतके लोटली. इतक्या सहवासात आपण त्याला कितपत ओळखले, हा प्रश्न आम्हांस या इतिहासाकडे घेऊन गेला.

पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात ससाण्यांच्या शिकारीवर एक लॅटिन ग्रंथ रचला. त्याची व्हॅटिकनमध्ये जतन केलेली प्रत सचित्र आहे. तीत एका शुभ्र, तुरेवाल्या पक्ष्याची चार चित्रे आढळतात. हा काकाकुवा इजिप्तचा सुलतान अल्-कामिल याने सम्राटास नजराणा म्हणून धाडला होता. २०१८ साली अभ्यासकांनी या चित्रांचे महत्त्व विशद केले. तोवर इटालियन चित्रकार मान्तेन्याच्या १४९६ मधील एका चित्रातील काकाकुवा हाच युरोपातील आद्य समजला जात असे. हजारो मैलांच्या त्या प्रवासात तो कितीतरी हातांतून गेला असेल. त्याला कोणी काय चारले, आजारपणात कोणी जपले, हे मात्र मागे उरले नाही. नजराण्याची नोंद झाली, निगेची झाली नाही.

पुढेही असेच घडत राहिले. १८५६ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस बालीहून लोंबोक बेटावर उतरला, तेव्हा बालीत न दिसलेले पांढरे काकाकुवे त्याला तेथे विपुल दिसले. आशियाई आणि ऑस्ट्रेलियाई प्राणिसृष्टीमधील सीमारेषा त्याला अशाच खुणांवरून उमगली. त्याच पिवळ्या तुऱ्याच्या जातीची पुढे पिंजऱ्यांसाठी इतकी धरपकड झाली की ती आज अतिसंकटग्रस्त मानली जाते. रानातून धरलेल्या या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास २००५ पासून बंदी आहे.

पिंजऱ्यातील जीवनाची कथा दोन पक्षी सांगतात. सिडनीजवळच्या एका हॉटेलातील ‘कॉकी बेनेट’ १९१६ मध्ये मरण पावला. त्याचे वय एकशे एकोणीस सांगत; त्यास पक्का पुरावा नाही. अखेरची कित्येक वर्षे त्याच्या अंगावर पिसे जवळजवळ नव्हतीच. तो आजार असावा, हा विचार पुष्कळ नंतरचा. लोकांना तेव्हा कौतुक होते ते त्याच्या वयाचे आणि बोलण्याचे.

दुसरा ‘कुकी’. १९३३ साली जन्मलेला हा गुलाबी काकाकुवा सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयातून शिकागोच्या ब्रूकफील्ड प्राणिसंग्रहालयात आला आणि २०१६ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी निवर्तला. हे वय कागदोपत्री सिद्ध आहे. त्याला पहिली सुमारे चाळीस वर्षे केवळ बियाणेच खाऊ घातले जाई. तेव्हा तीच योग्य समजूत होती. नुसत्या बियांत कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व पुरेसे नसते, हे ज्ञान उशिरा आले. उतारवयात त्याची हाडे ठिसूळ झाली, सांधे दुखू लागले. २००९ मध्ये त्याला प्रेक्षकांपासून दूर, परिचित माणसांच्या सहवासात ठेवले, तेव्हा तो अधिक सुखात दिसू लागला.

आम्हांस हा प्रसंग विचार करण्याजोगा वाटतो. कुकीवर माया करणारी माणसे काही थोडी नव्हती. उणीव होती ती ज्ञानाची. काकाकुवा हा थव्यात राहणारा, लाकूड कुरतडण्यात रमणारा, जोडीदाराशी दीर्घकाळ एकनिष्ठ असणारा पक्षी. एकटा पडला की तो कर्कश ओरडतो, स्वतःचीच पिसे उपटू लागतो. त्याला धान्यापेक्षा भाजी, फळे, चघळायला लाकूड आणि रोजची सोबत अधिक लागते. चाळिशीत त्याला घरी आणणाऱ्याने आपल्यामागे त्याचे कोण करणार, हेही ठरवून ठेवले पाहिजे.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी अशा परदेशी प्राण्यांची मालकी, जन्म, मृत्यू व हस्तांतर यांची नोंद बंधनकारक केली. हे योग्यच झाले. फ्रेडरिकच्या पक्ष्याचीही मालकी नोंदली गेलीच होती. पिंजऱ्यातल्या रोजच्या दिवसाचे काय, हे मात्र कोणत्याही दफ्तरात उतरत नाही. ते पाळणाऱ्यानेच पाहावयाचे असते.