उजवे कोणाचे? : शरीर, दिशा आणि मराठी

शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील हृदयाची आकृती आठवावी. 'उजवे अलिंद' हे शब्द आकृतीच्या डाव्या अंगाला छापलेले असतात आणि 'डावे निलय' उजव्या अंगाला. पुस्तकात चूक सापडल्याच्या आनंदात वर्गातील एखादा मुलगा हात वर करतो. 'ते हृदयाच्या मालकाचे उजवे, तुझे नव्हे' असे सांगून शिक्षक पुढे जातात. शरीररचनाशास्त्राचा मूलभूत संकेत त्या एका वाक्यात येऊन गेलेला असतो. ज्याचे वर्णन करावयाचे ते शरीर ताठ उभे आहे, दृष्टी समोर आहे, हात बाजूंना सोडलेले असून तळहात पुढे वळवलेले आहेत, असे गृहीत धरायचे. मग उजवे-डावे, वर-खाली, पुढे-मागे हे सारे त्या शरीराच्या मालकीचे. ते पालथे पडले, कुशीवर वळले किंवा विच्छेदनाच्या टेबलावर उताणे ठेवले, तरी डोक्याची बाजू 'वरची'च राहते.

हा संकेत पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर आपल्याकडे आला, अशी समजूत असते. शास्त्र म्हणून ते खरे असेल. भाषेच्या अंगाने पाहिले तर नाही. गणपतीची सोंड उजवी की डावी हे ठरवताना आपण मूर्तीसमोर उभे असतो, पण उजवा हात धरतो तो देवाचा. उजव्या सोंडेचा गणपती पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला वळलेला असतो आणि याविषयी कोणत्याही भाविकाचा गोंधळ होत नाही. वामांगी म्हणजे पतीच्या डाव्या अंगाला बसलेली. समोरून पाहणाऱ्या पाहुण्यांच्या नव्हे. प्रदक्षिणेत मात्र माप आपल्या शरीराचे असते : देवाला आपल्या उजव्या हाताशी ठेवून फिरायचे. एकाच गाभाऱ्यात दोन शरीरे, दोन उजवे हात, आणि भाषा दोहोंचा हिशेब बिनचूक ठेवते.

मुळात आपल्या दिशाच शरीरावरून निघालेल्या आहेत. उगवत्या सूर्याकडे तोंड करून माणूस उभा राहिला, म्हणून जे पुढे ते पूर्व, पाठीमागचे ते पश्चिम, आणि उजव्या हाताकडचे ते दक्षिण. संस्कृत 'दक्षिण'चे हे दोन्ही अर्थ सर्वश्रुत आहेत. उजव्या हातासाठीचा लॅटिन 'डेक्स्टर' हा त्याच कुळातला. चौथी दिशा तेवढी निराळ्या वाटेने आली : उत्तर म्हणजे अधिक वरची. अरबीतही हीच रीत दिसते. तेथे उत्तर आणि डावा हात यांचे शब्द एका धातूचे आहेत, आणि येमेन या देशनामात उजवा हात आहे. 'दक्षिण'पासून 'दख्खन' झाले हे लक्षात घेतले, तर सातारा आणि सांगली हे जिल्हे ज्या प्रदेशात येतात त्याचे नावच मुळी कोणा पूर्वाभिमुख माणसाच्या उजव्या हाताचे आहे. आजही खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर हा क्रम पुष्कळदा आढळतो. तो प्रदक्षिणेचाच क्रम होय.

मराठीने पुढे या शब्दांतील शरीर विसरून टाकले. दक्षिण ही केवळ दिशा उरली आणि हातासाठी 'उजवा' आला. 'ऋजु' म्हणजे सरळ. त्याच्याशी 'उजवा'चे नाते जोडले जाते, तर 'डावा' देशी मानला जातो. सरळ तो उजवा या कल्पनेतला पक्षपात 'डावे-उजवे करणे' या प्रयोगात स्पष्ट उतरला आहे. असो. शरीर एका दारातून गेले आणि दुसऱ्या दारातून परत आले, ते डोंगरांत आणि शिवारात. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. डोंगराला माथा आहे, सोंड आहे, कूस आहे. खिंडीला तोंड आहे. विहीर मळ्याच्या 'वरल्या अंगाला' असते आणि ओढा 'खालच्या अंगाला'. बाजू या अर्थी 'अंग' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की त्यात देह आहे हे ध्यानातही येत नाही.

नदीच्या बाबतीत मात्र मराठीत दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांतला भेद मनोरंजक आहे. ऐलतीर आणि पैलतीर ही जोडी बोलणाऱ्याची. आयर्विन पुलाच्या एका टोकाला सांगली, दुसऱ्या टोकाला सांगलीवाडी. सांगलीकराचा पैलतीर तो सांगलीवाडीचा ऐलतीर. पूल ओलांडला की शब्द बदलतात. उजवा तीर आणि डावा तीर ही जोडी नदीची. प्रवाह जिकडे जातो तिकडे नदीचे तोंड मानायचे आणि तिचे हात मोजायचे. या हिशेबाने सांगली कृष्णेच्या डाव्या हाताला आहे, मग तुम्ही घाटावर नदीकडे तोंड करून बसलेले असा की पाठ करून. संतवाङ्मयात गाजली ती ऐल-पैलची जोडी, कारण तेथे पार होणारा जीव महत्त्वाचा. उजव्या-डाव्याला व्यवहारात खरे बळ आले ते पाटबंधाऱ्यांच्या कागदांतून. वाईजवळच्या धोम धरणाचे उजवा कालवा आणि डावा कालवा हे शब्द आता त्या भागातल्या शेतकऱ्याच्या तोंडी पूर्ण रुळले आहेत, आणि ते वापरताना तो नकळत नदीच्या शरीरात शिरून बोलत असतो. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात असे सांगितले जाते; समोरासमोर भेटणाऱ्या दोघांसारखीच मग एकीची उजवी बाजू दुसरीच्या डाव्या बाजूसमोर येते.

पाहणारा आणि पाहिला जाणारा यांचा हा वाद रंगभूमीवर तर रोजचा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवले, तेव्हापासून नाटक हा या गावाच्या अभिमानाचा विषय आहे. रंगमंचाचे उजवे-डावे प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचे असते, हा रंगकर्मींचा संकेत शरीरशास्त्राशी तंतोतंत जुळणारा आहे. तरीही मराठी नाटकांच्या छापील संहितांत 'प्रेक्षकांच्या उजव्या हाताला दार' अशा धर्तीच्या सूचना वारंवार येतात. नाटककार खुर्चीत बसून लिहितो आणि नट मंचावर उभा असतो, एवढाच याचा अर्थ. नाटक शिकवताना या सूचनांपाशी दोन मिनिटे थांबायला हरकत नाही. संहिता कोणाच्या डोळ्यांनी लिहिली आहे ते तेथे कळते.

संकेत आपल्या भाषेत असा मुरलेला असताना त्याची शास्त्रीय परिभाषा घडवण्याचे काम आले ते वाईला. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष, आणि मराठी विश्वकोशाचे संपादन त्यांच्या नेतृत्वाखाली वाईतून सुरू झाले. धर्मकोशाच्या परंपरेतल्या या गावात आता यकृत, वृक्क, ऊतक, अलिंद यांची घडण चालली. परिभाषा संग्रहाचा खंड १९७३ मध्ये आला, म्हणजे १९७६ च्या पहिल्या खंडाच्याही आधी. अगोदर शब्द, मग ज्ञान, असा हा क्रम विचारपूर्वक होता. स्थिती आणि दिशा दाखवण्यासाठी अग्र, पश्च, ऊर्ध्व, अधर, पार्श्व, दूरस्थ यांसारखे संस्कृत शब्द स्वीकारले गेले. ते आटोपशीर आहेत, त्यांचे समास होतात (अधोमहानीला हा शब्द पाहावा), आणि इतर भारतीय भाषांशी सांधा जुळतो. हे तीनही लाभ खरे आहेत, आणि 'संस्कृतप्रचुर' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते आधी मान्य करावेत.

अडचण दुसरीकडे आहे. 'अधर' म्हणजे खालचा. माशाची किंवा गोगलगायीची अधर बाजू म्हणजे पोटाची, कारण त्यांचे पोट खाली असते. माणूस उभा राहिला आणि त्याचे पोट पुढे आले. त्याच्यात खालचे ते पायांकडचे. मग एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या बाजू सूचित होऊ लागतात. (काव्यात तर अधर म्हणजे केवळ ओठ! मूळचा तो खालचा ओठ होता.) विश्वकोशाने यावर आपला उपाय योजला : पारिभाषिक शब्दापुढे कंसात साधा शब्द द्यायचा. विश्वकोशाच्या वाचकाला ही कंसांची सवय असते. 'कोशिका (पेशी)' हे त्यातले ठळक उदाहरण. त्या कंसांत मला नेहमी एक संकोच जाणवतो. जणू दाराशी संस्कृत उभे आहे आणि मागून मराठी हळूच खरे काय ते सांगते आहे.

ही अडचण वाईचीच होती असे नाही. युरोपीय शरीरशास्त्रज्ञांनी १८९५ साली बाझल येथे शब्दांचे जंगल साफ करून लॅटिन नावांची एक यादी ठरवली. ती उभ्या माणसावर बेतलेली होती. १९३५ च्या येना येथील यादीने चतुष्पादांशी मेळ घालण्यासाठी पुढचा-मागचा, वरचा-खालचा हे शब्द बाजूला सारून कवटीकडचा, शेपटीकडचा, पाठीकडचा, पोटाकडचा या अर्थाचे शब्द पुढे आणले. १९५५ साली पॅरिसमध्ये मानवी शरीरासाठी पुन्हा पुढचा-मागचा हेच शब्द आले. प्राण्यांच्या शरीरशास्त्राने मात्र आपली वाट सोडली नाही.

आता खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात उभे राहून पाहावे. खिलार बैल पारखणारा शेतकरी 'म्होरला उजवा पाय' म्हणतो तो बैलाचा उजवा; बैलाचे तोंड त्याच्याकडे असो वा नसो. वशिंडापासून पुठ्ठ्यापर्यंत त्याचे बोट फिरते ते पाठीच्या अंगाने. खाली येते ते पोटाच्या अंगाने. येनाच्या यादीत जे लॅटिनमध्ये लिहिले गेले ते येथे बोलीत अगोदरपासून आहे. 'डोक्याकडचा', 'पोटाकडचा', 'पाठीकडचा' हे शब्द माणूस, बैल आणि मासा तिघांनाही सारखेच लागू पडतात, उभे-आडवे असण्याने ते ढळत नाहीत. परिभाषाकारांनी त्यांना कंसाबाहेर घ्यायला हवे होते, असे माझे मत आहे. ते लांब आहेत, त्यांचे समास होत नाहीत, हे खरे. पण संदिग्ध तरी नाहीत.

अशा शब्दांचा साठा लहान नाही. उताणा, पालथा, कुशीवर : देहाच्या तीन स्थिती, तीन निःसंदिग्ध शब्द. उसे आणि पायते हे अंथरुणाचे शब्द असले तरी झोपलेल्या देहाची दोन टोके ते नेमकी दाखवतात. संस्कृतात करतल आणि करपृष्ठ आहेत, तर मराठीत तळहात आणि मळहात. पायाच्या पुढच्या अंगाला नडगी, मागच्या अंगाला पोटरी. बेंबीखालच्या भागाला ओटीपोट. यांतला 'मळहात' आज आमच्या एम. ए. च्या वर्गातही सांगावा लागतो.

मिरजेत डॉ. वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासूनचे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचे. आधुनिक वैद्यकाची सव्वाशे वर्षांहून अधिक परंपरा असलेल्या या गावात शरीररचना शिकवली जाते ती इंग्रजीतून. 'अग्र' आणि 'पश्च' त्या वर्गापर्यंत पोहोचले नाहीत. तेथे अँटिरिअर आणि पोस्टिरिअर आहेत. पण विद्यार्थी वर्गातून रुग्णाच्या खाटेशी आला की भाषा बदलते. जत किंवा आटपाडीकडची म्हातारी सांगते, 'उजव्या कुशीत दुखतंय, पाठीच्या अंगाला सरकतंय, मग ओटीपोटात उतरतंय.' ती सांगते ते उजवे तिचे असते. समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या तो डावा हात; तो वहीत न अडखळता उजवी बाजू लिहितो, इंग्रजीत.